तीन शिंगांची

मंगळवार, दिवेलागणीला. किन्हवली.

नात मनू आज पुन्हा मला हसली. डायनासोरच्या सिनेमाचे तिन्ही भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिले. तिच्या मते सर्वांत ताकदवान तो मोठ्या दातांचा. मी म्हणतो, तीन शिंगांची. पिल्लासमोरून हलली नाही ती.

"आजोबा, ती तर मरते! हार माना, नायतर चौथा भाग एकट्यानं बघा."

बघेन एकटा! ताकद काय नुसती दातांत असते? शाळेतल्या कवितांनी तरी मला असलं काही शिकवलं नाही. आणि तानसाच्या रानात आमची चांदी म्हैस बिबट्यापुढे अशीच शिंगं रोखून उभी राहिली होती. हलली नाही. तीही मेली.

तिच्या मागे मी होतो, मनूएवढा. मी हार कशी मानू?