चौदा किलोच्या पट्टीत न बसणाऱ्या प्राचीबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
वजन-नोंद एकवाक्यता कक्ष, घोडेगाव.

विषय : नऊ बालकांची वजने 'चुकीची' ठरवून परत पाठवल्याबाबत, विशेषतः कु. प्राची.
संदर्भ : आपले तिसरे स्मरणपत्र.

महोदय,

१. आपण सात अभ्यास एकत्र करून चार वर्षांच्या बालकाचे सरासरी वजन चौदा किलो काढले आणि ९५ टक्के विश्वासाची पट्टी १३.८ ते १४.२ ठरवली, याबद्दल अभिनंदन. पट्टीबाहेरची प्रत्येक नोंद चुकीची समजून दुरुस्त करावी, असा आपला आदेश आहे. माझ्या अंगणवाडीत चार वर्षांची अकरा मुले आहेत. दोन पट्टीत बसतात. उरलेली नऊ रोज वेळेवर येतात, खिचडी खातात, पण आपल्या लेखी ती चुकीची आहेत.

२. माझे दीर गोरख खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर आकडेमोडीचे काम करतात. आपले पत्र वाचून ते म्हणाले, "वहिनी, ही पट्टी सरासरीची हाय, पोरांची न्हाई. सरासरी कितपत इकडं-तिकडं असंल, तेवढंच ती सांगती. जेवढी जास्त पोरं मोजाल तेवढी ती बारीक व्हणार. पोरं थोडीच एका मापाची असत्यात?"

दिरांचे म्हणणे आपल्यावर बंधनकारक नाही, हे मी जाणते. तथापि पुढील वर्षी आपण आणखी वीस अभ्यास मिळवणार असल्याचे कळते. तेव्हा पट्टी इतकी बारीक होईल की तालुक्यात एखादेच मूल तीत बसेल, आणि बाकीच्यांना तपासण्याचा आपला त्रास वाचेल. तोवर आपल्या कक्षातील सर्वांच्या वजनाची सरासरी काढून पट्टीबाहेरच्या साहेबांना दुरुस्तीसाठी घरी पाठवावे, ही विनंती.

३. आता प्राची. मे महिन्यात १०.६, जूनमध्ये १०.४, जुलैत १०.१. तिन्ही नोंदी आपण परत केल्या. नोंद मंजूर नाही म्हणून तिचे नाव जादा आहाराच्या यादीत नाही. १४ लिहिले तर नोंद मंजूर होईल, पण मग ती धडधाकट ठरेल आणि यादीत येणारच नाही. काटा दोनदा बदलून पाहिला. तिची आजी चिमाबाई म्हणते, "बाई, पोरगी उचलली की हाताला कळतंय, काटा कशाला पायजे?" मला आपला राग येतो, आणि भीतीही वाटते.

४. काल चौथ्यांदा वजन केले. ९.८ भरले. हा आकडा मी खोडणार नाही. आपण एकदा डिंभ्याला यावे, प्राचीला उचलावे आणि मग स्वतःच्या हाताने १४ लिहून सही करावी. उशीर झाला तरी आपली गैरसोय होणार नाही. ती दर महिन्याला उचलायला सोपी होत चालली आहे.

आपली पट्टीबाहेरची, तरीही नम्र,
वृषाली दादाभाऊ लोहकरे
अंगणवाडी सेविका, डिंभे
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : प्राचीच्या चार महिन्यांच्या नोंदी, न खोडलेल्या.