बाबांचा डोंगा आणि माझं वजन

खुशालदादा,

आज तळ्यावरच्या होड्यांच्या शर्यतीत बाबांच्या जागी मी बसते आहे. आईला तूच सांग. मी सांगितलं असतं तर तिनं दार अडवलं असतं. डोंग्यात बसणाऱ्या दोघांना धानाच्या तराजूत तोलतात आणि ठरल्या वजनाच्या वर गेलेली जोडी परत पाठवतात, म्हणून बाबांचे जोडीदार मनसारामकाका यांच्यासोबत तुझं वजन चालत नाही. काका मला म्हणाले, "तू बसली तं माह्या पोटाले जागा भेटते, बाई."

बाबा गेल्यापासून मला घास जात नाही, म्हणून आई रडते. ते हलकेपण आज कामी येईल. बाबांचा डोंगा काठावर पालथा राहणार नाही.

शर्यतीआधी बाबा नुसत्या आंबिलीवर राहत आणि परतल्यावर पोटभर भात मागत. आज मीही मागीन. जास्तीचा शिजवा.

मैना