वाचून दाखवलेलं वाक्य

पप्पा,

काल मी चर्चमध्ये तुमच्याबद्दल खोटं बोलले. आमचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत, तुम्हाला त्यांनी पाहिलेलंही नाही, पण तुमच्याविषयी इतकं ऐकलंय की महिनाभर ते माझ्या मागे लागले होते. "देवाची कृपा माणसाला कशी बदलते, ते आपल्या मुलांना पुस्तकातून सांगून कळत नाही. तुम्ही त्यांची मुलगी. साक्ष तुम्हीच द्या." मी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा टाळता आलं नाही. मग काल उपासनेनंतर उभी राहिले, वीस-पंचवीस मिनिटं बोलले, आणि शेवटी म्हटलं, "पप्पांनी माझी क्षमा मागितली आणि मी त्यांना मनापासून क्षमा केली." सगळे आमेन म्हणाले. दुसऱ्या बाकावर आई बसली होती. ती तेवढी म्हणाली नाही. तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखकाचं काम करतेय, दुसऱ्यांच्या साक्षी उतरवून घेतेय. साक्षीदार खोट्यावर आला की त्याचा आवाज जरा सपाट होतो, हे मला मान वर न करताही कळतं. काल माझा आवाज तसा झाला होता. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. आज रजा टाकली, कपाट आवरायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं, भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले. म्हणून आता हे लिहायला बसलेय. तुम्ही ज्या वयात गेलात त्या वयापाशी मी आता येऊन पोचलेय.

मुलांना मी आधी तुमचं आधीचं रूप सांगितलं. आई म्हणाली होती, "जुनं उकरू नको गं." पण जुनं सांगितलं नाही तर बदललं काय, ते कसं कळणार? तुम्ही दारू प्यायचा नाहीत, खोटं बोलायचा नाहीत, मिरकरवाड्याच्या वर्कशॉपमध्ये तुमच्याइतका चोख इंजिन मिस्त्री नव्हता. चर्चच्या कमिटीत तुमचा शब्द शेवटचा असायचा. आणि घरात तुमची चाहूल लागली की आई भांडी आवाज न करता ठेवायची. संध्याकाळच्या प्रार्थनेत वचन म्हणताना मी अडखळले तर ते पाठ होईपर्यंत उभं राहायचं, पाय दुखले तरी. तुम्हाला कधी राग अनावर झाला असं नव्हतं. तुम्ही शांतपणे मारायचा. ते जास्त वाईट होतं.

मी दहा वर्षांची असताना गौरी जेवायच्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला हाक मारली. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त कमरेएवढा दगडांचा गडगा. माझ्या जन्माच्या वेळी आईचं सगळं त्यांनीच केलं होतं, हे मी हजारदा ऐकलेलं. मी गडग्यावरून उडी मारून गेले आणि त्यांच्या मुलींच्या पंगतीत बसून नैवेद्याचं घावन-घाटलं खाल्लं. त्या दिवशी नेमके तुम्ही लवकर आलात. मी अजून बघतेय, तुम्ही त्यांच्या दारात उभे आहात, चपला पायात तशाच आहेत. माझा उष्टा हात धरून तुम्ही मला उठवता, त्यांच्या खळ्यात, उघड्या अंगणात आणता, आणि सगळ्या बायका बघत असताना सांगता, "म्हण, मी पाप केलं. मोठ्याने म्हण." मी म्हणते. तुम्ही पुन्हा म्हणायला लावता. काकू म्हणतात, "भाऊजी, पोर आहे, मीच बोलावलं." तुम्ही त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. मग माझ्या कानाखाली बसते. महिनाभर त्या कानात शिट्टी वाजत होती. त्यानंतर बारा वर्षं त्या गडग्यावरून कोणी कोणाशी बोललं नाही. आई विहिरीवर काकूंची वेळ चुकवून जायची. चर्चमध्ये हे सांगताना मागच्या बाकावरचे एक आजोबा उठून बाहेर गेले. त्यांना तुम्ही फार प्रिय होतात.

आणि मग तुमच्या हातून ते झालं. एका नावेच्या इंजिनाचं काम तुम्ही घाईत संपवलंत, कारण संध्याकाळी कमिटीची मीटिंग होती. पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून ठेवली होती, ती परत बसवायची राहिली. दोन दिवसांनी समुद्रात इंजिन बंद पडलं. हर्णेचा एक खलाशी अडकलेला पट्टा हाताने सोडवायला गेला, इंजिन अचानक चालू झालं आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने तुम्हाला विचारलं, "जाळी बसवली होतीस ना?" तुम्ही म्हणालात, "बसवली होती." मग खलाशानेच ती काढली असणार, असं ठरलं आणि तो आपल्या गावी परत गेला. तुमच्या शब्दापुढे त्याचा शब्द कोण ऐकणार? घरात आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की संध्याकाळची प्रार्थना बंद झाली. तुम्ही पवित्र शास्त्र उघडायचात आणि मिटायचात. आठ महिने. आईला वाटलं, तुम्हाला काही दुखणं आहे आणि तुम्ही लपवताय.

एका सकाळी तुम्ही म्हणालात, मी हर्णेला जाऊन येतो. आईने मला बरोबर धाडलं, "वाटेत काही झालं तर कोण बघणार?" मी बावीस वर्षांची, लघुलेखनाची परीक्षा देऊन घरी बसलेली. दापोलीला एसटी बदलली तरी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पोचलो तेव्हा दुपार कलली होती, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू होत होता, आणि तुम्ही एकेकाला त्या माणसाचं घर विचारत पुढे, मी मागे. तो दारात जाळं शिवत बसला होता. डाव्या हातात सुई, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत धागा धरलेला. तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत, "जाळी मीच बसवली नव्हती. मालकाला खोटं सांगितलं." मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि तुम्हाला मारेल. खरं सांगू? त्याने मारावं असं मला वाटत होतं. त्याने सुई खाली ठेवली आणि म्हणाला, "मला ठाव हुतं, मिस्त्री. जाळी नव्हतीच, मी डोळ्यांनी बघितलेलं." तुम्ही म्हणालात, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बोललो. कोन ऐकतंय? मग म्हटलं, याला एक दिवस यायचं तर येईल." आणि आत बायकोला हाक मारून म्हणाला, "दोन माणसांचं जास्त टाक गं. आता परतीची गाडी नाय गावायची यांना."

तुम्ही खाली बसलात. त्याच्या पायरीवर बसून तुम्ही रडलात, पप्पा, आणि मी तुम्हाला रडताना कधी बघितलं नव्हतं म्हणून समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. रात्री त्याच घरात जेवलो, तिथेच झोपलो. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तुम्ही बोललात. "मला वाटायचं, कृपा म्हणजे माझ्यासारख्यांना मिळतं ते बक्षीस. इतकी वर्षं मी ती लोकांना समजावून सांगत होतो, आणि मला स्वतःला ती ठाऊकच नव्हती. काल त्या माणसाने मला जेवायला पाट दिला. तेव्हा कळलं, येशू आपल्याशी कसा वागला ते." तुमचा आवाज वेगळा होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

पुढचं सगळं गावाला माहीत आहे. घरी पोचल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता तुम्ही काकूंच्या खळ्यात गेलात. बाहेर चपला काढल्यात. "वहिनी, मी त्या दिवशी चुकलो." काकू धान्य निवडत होत्या. म्हणाल्या, "फार वर्षं लावलीत, भाऊजी," आणि सूप बाजूला सारून तुम्हाला बसायला जागा केली. पुढच्या रविवारी तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल केलंत आणि कमिटी सोडलीत. नावेच्या मालकाला खरं सांगितलंत, तेव्हा वर्कशॉपमधलं काम गेलं. मग तुम्ही स्वतःची लहानशी शेड टाकलीत आणि त्या खलाशाला बोलावून घेतलंत, इंजिनाचं काम शिकवलंत. तो सात बोटांनी असं काम करायचा की लोक बघत राहायचे. तुमच्या शवपेटीला पहिला खांदा त्यानेच दिला. दोन वर्षांत तुम्ही असे झालात की रस्त्यातली पोरं तुमच्या सायकलमागे धावायची. आई भांडी घासताना गाणी म्हणायला लागली. आईला गाता येतं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

आणि मी? माझं काय झालं, ते मी काल सांगितलं नाही. तुम्ही बदललात याचा मला आनंद झाला नाही, पप्पा. मला राग आला. ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच घरातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक मऊ, हसरा म्हातारा आला, ज्याला दुखवलं तर मीच वाईट दिसणार. तुम्ही खलाशाची क्षमा मागितलीत, काकूंची मागितलीत, चर्चच्या मंडळीची मागितलीत. माझ्याकडे मात्र आलात दोन वर्षांनी. मागीलदारी तुम्ही बांगडे साफ करत बसला होतात, मी आत भात उपसत होते. तुम्ही मान खाली घालूनच म्हणालात, "त्या गौरीच्या दिवशी मी तुझ्याशी जे वागलो, आणि एरवीसुद्धा. मला माफ करशील का गं?" मी मोठ्याने हाक मारली, "आई, मीठ कुठे ठेवलंयस?" तुम्ही उरलेले बांगडे साफ केलेत, मग ते धुवायला उठलात. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. मधल्या तीन वर्षांत आपण गुण्यागोविंदाने राहिलो, असं कोणीही म्हणेल.

काल घरी आल्यावर मी आईला जेवायला वाढलं. ती पंच्याहत्तरीच्या पुढे गेलीय, ऐकू कमी येतं, पण काल तिला सगळं ऐकू आलं होतं. म्हणाली, "शेवटचं तेवढं खरं नव्हतं ना?" मी तिच्या पानात आणखी भात वाढला. ती म्हणाली, "त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, मी तिला विचारलं आणि तिने मीठ मागितलं. मी म्हटलं, थांबा, मी बोलते तिच्याशी. तर मला म्हणाले, अजिबात बोलायचं नाही. मला बारा वर्षं लागली एक गडगा ओलांडायला, तिला का म्हणून घाई? तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे." मी विचारलं, "मग माझ्याकडे सगळ्यात शेवटी का आले?" आई म्हणाली, "अगं, तुझीच तर सगळ्यात जास्त भीती वाटायची त्यांना." आणि भातावर आमटी घेऊन जेवत राहिली, जसं काही रोजचंच बोलणं चाललंय.

तेव्हापासून मला चैन नाही. इतकी वर्षं माझी अशी समजूत की मी तुम्हाला ताटकळत ठेवलंय, शिक्षा मी देतेय. आणि तुम्ही तर मला मोकळं सोडून गेलात. मी मागितलं नव्हतं, मी त्यासाठी काही केलं नव्हतं. खलाशाच्या पायरीवर तुम्हाला मिळालं तेच तुम्ही मला देऊन ठेवलं होतं, आणि मी अठ्ठावीस वर्षं त्यावर बसून तक्रार करत होते.

आज दुपारी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, माझं शेवटचं वाक्य खरं नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटलंच. बाकी सगळं तुम्ही बोललात, तेवढं वाक्य कागदावरून वाचलंत." मी विचारलं, पुढच्या रविवारी उभी राहून दुरुस्त करू का? ते म्हणाले, "करायचं तर करा. पण मला वाटतं, ते खोटं नाहीये, ताई. फक्त अजून झालेलं नाही." मला हे पटलं की नाही, ते माहीत नाही. रविवारी उभी राहीन बहुतेक. काय बोलेन, ठाऊक नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते, जी आईलाही सांगितलेली नाही. मीठ मागितल्यावर मी ते आणायला गेले नव्हते. मागच्या दाराच्या आड उभी होते. तुम्ही पुन्हा एकदा विचाराल म्हणून. पुढची तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, पप्पा.