कड्यातली आतली खोली

९ डिसेंबर १९७९, सावळदरी

पोचलो एकदाचा! चारठाण्यापर्यंत एस.टी., पुढे कापसाच्या बैलगाडीत गाठोड्यांवर बसून. अंगावर, केसांत, कानांत कापूस. वेशीतली पोरे मला बघून हसली, मग मीही हसलो. पुण्याच्या कचेरीत इतकी वर्षे दुसऱ्यांनी मोजलेल्या लेण्यांचे नकाशे गिरवत बसलो होतो. या खेपेला मोजायलाच मला धाडले आहे.

गाव ओढ्याकाठी, आणि ओढ्यापलीकडे सरळ उभा कडा. त्याच्या मध्यावर काळ्या चौकटी दिसतात, भिंतीत कोनाडे असावेत तशा. जुन्या काळी भिक्खूंनी राहण्यासाठी खोदलेल्या खोल्या. मूर्ती नाही, नक्षी नाही, म्हणून आजवर इकडे कुणी फारसे फिरकले नाही. मला मात्र देवळांपेक्षा घरे आवडतात. माणूस कुठे निजायचा, दिवा कुठे ठेवायचा, हे दगडात अजून दिसते.

मुक्काम कस्तुराबाईंच्या ओसरीवर. विधवा, एकट्याच, शेत बटाईने दिलेले. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि वर ठेचा. डोळ्यांत पाणी आले, पण पुन्हा वाढून घेतली. घरी शालनला पत्र टाकायचे आहे. आमच्या तान्ह्या मंजूला दात आले का, ते विचारायचे आहे.

१० डिसेंबर

वाटाड्या म्हणून लिंबाजी मिळाले. साठीचे, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांना बोलवायला गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यात गेलो. घरांवरचे पत्रे नवेकोरे, भिंती मात्र छातीपर्यंत काळ्या. विचारावेसे वाटले, पण पहिल्याच भेटीत काय विचारायचे?

कड्यात पाय ठेवायला खोबण्या कोरलेल्या आहेत. लिंबाजींनी वहाणा खालीच काढल्या. वर पोचल्यावर त्यांनी हात जोडले. प्रत्येक खोलीत निजायला दगडी ओटा, आणि डोक्याच्या बाजूला तो झिजून गुळगुळीत झालेला. मी त्यावर आडवा होऊन पाहिले. अगदी माझ्या मापाचा!

सगळ्यांत आतल्या खोलीपाशी लिंबाजी थांबले. वटवाघळे असतात म्हणाले. मी बॅटरी टाकून पाहिली. एकही नव्हते.

११ डिसेंबर

आज आतली खोली मोजायला घेतली. दार इतके ठेंगणे की रांगत जावे लागते. टेप लावला, लिंबाजी बाहेर आकडे टिपायला बसले होते. आकडा सांगायला तोंड उघडले आणि आवाज फुटेना. ओठांवर काहीतरी होते. कोळ्याचे जाळे असेल म्हणून हात फिरवला, तर काहीच नाही. पण जाळे गार असते. हे ऊबदार होते, ओलसर.

बाहेर आल्यावर बोलता आले. कोंदट हवेने असे होते. लिंबाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कारण सांगितले. त्यांनी मान हलवली नाही.

१२ डिसेंबर

ओढ्याकाठी बसून कड्याचे चित्र काढत होतो. ऊन चांगले तापले होते. वरून तान्हे मूल रडल्याचा आवाज आला, आणि मध्येच बंद झाला. आपणहून थांबला नाही. कुणी दाबावा तसा तुटला.

मेंढपाळांची बिऱ्हाडे वर राहतात का, असे कस्तुराबाईंना विचारले. त्यांची तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी उलटली नाही. मग हळूच म्हणाल्या, "तुमाला बी आलं का ऐकू?" आणि आत गेल्या. नंतर वाढायलाही समोर आल्या नाहीत, ताट झाकून ठेवले होते.

१४ डिसेंबर

लिंबाजींना सरळच विचारले. बाभळीखाली बसून त्यांनी सांगितले. पिकापाण्याचे सांगावे तसे, सपाट आवाजात.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून पेटले, तेव्हा इथला बौद्धवाडाही पेटवला. भर पावसाळ्यात, अंधारात वाड्यातली सगळी माणसे खोबण्यांना धरून वर चढली. ही आपल्या भिक्खूंची घरे, इथे तरी कुणी येणार नाही, असे त्यांना वाटले. आतल्या खोलीत लिंबाजींची सून सरजा होती, अंगावर पिते लेकरू घेऊन. टेंभे घेतलेले लोक ओढ्यापर्यंत आले आणि कड्याखालीच थांबले. तेवढ्यात लेकरू रडू लागले.

"कुनी कायबी बोललं न्हाई, सायेब. आमी समद्यांनी तिच्याकडं बघितलं फकस्त."

उजाडल्यावर खालचे लोक निघून गेले होते. सरजाने लेकराच्या तोंडावरचा हात काढला नाही. लेकरू गार झाले होते. बाकीचे उतरले, ती उतरेना. लिंबाजी पुन्हा माणसे घेऊन वर गेले, तेव्हा तीही जिवंत उरली नव्हती.

उठताना लिंबाजी म्हणाले, "त्ये लोक गेले, हे तिला कुनी सांगितलंच न्हाई."

१५ डिसेंबर

सकाळी दाढी करायला आरसा धरला. एका गालावर चार बोटांचे वळ, दुसऱ्या गालावर अंगठ्याचा. लहान हात आहे. बाईमाणसाचा.

कस्तुराबाईंनी पाहिले आणि तोंड फिरवले. त्या रात्री टेंभे त्यांच्या दारावरूनच गेले होते, असे पुटपुटल्या. त्यांनी दार लावून घेतले होते.

नकाशा अर्धाच राहू दे. उद्या दुपारी चारठाण्याला जाणाऱ्या बैलगाडीने निघतो.

१६ डिसेंबर

सामान बांधून बसलो आहे. गाडीचा पत्ता नाही. लिंबाजी शेतावर.

रडणे सुरू झाले आहे. आज तुटत नाही. चालूच आहे—

कस्तुराबाईंनी खिडकी लावली. जाऊ नका म्हणाल्या. नाहीच जाणार. पण मंजू झोपेला आली की अशीच रडते. आणि खरेच कुणाचे लेकरू वर अडकले असले तर? सगळ्यांनी दारेच लावायची का?

फक्त कड्याखालपर्यंत जाऊन बघतो. लिंबाजींना निरोप ठेवला आहे.

वर

मूल नाही. कुठेच नाही. आवाज आतल्या खोलीतून येत होता म्हणून आत शिरलो, आणि थांबला—

दार समोर आहे. ऊन दिसते. उठता येत नाही, हात तेवढे मोकळे. माझ्या मागे कुणीतरी बसले आहे. मला छातीशी धरले आहे. तोंडावर हात.

श्वास नाकाने. थोडाच—

सांगायचे आहे तिला, बाई, ते लोक गेले. तोंड उघडत नाही. इथे मोठ्या अक्षरात लिहिले, वही मागे धरली. ते गेले. ते गेले. हात सुटत नाही. वाचता येत नसावे—

ती मारत नाही. लपवते आहे मला. थरथरते आहे.

खालून हाक. लिंबाजी! सायेब म्हणून हाका मारत आहेत. मी इथे आहे, इथेच—

पाय वाजतात. खोबण्यांवर. तिनेही ऐकले. हात घट्ट झाला. अंगठा नाकाकडे सर—

नको. शत्रू नाही गं. तुझा सासरा आहे तो, सरजा, ओळख, तुझा सास