तिसऱ्या दिवशीचा इको

३ जून
नोकरी लागली! अतिदक्षता विभागात संशोधन-सहायक. आईने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं, जणू मीच हृदयं बदलणार आहे. रक्तात जंतुसंसर्ग भिनला की काही पेशंटचं हृदय ढेपाळतं. उपाशी शरीर चरबीतून कीटोन बनवतं. तेच नळीतून दिले तर थकलेल्या हृदयाला आयतं इंधन मिळेल, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं कडू पाणी. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नाही. थेंबभर चाखलं. त्यापेक्षा कारलं परवडलं!

माझं काम सोपं. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी हृदयाचा इको, म्हणजे हृदय किती जोरात चालतंय ते मशीनवर बघायचं, आकडे पेन्सिलीने वहीत.

७ जून
चार नंबरच्या खाटेवरचे हेडमास्तर कालच आले, आज गेले. माझं अक्षर बघून म्हणाले होते, माझ्या वर्गात असतीस तर छड्या खाल्ल्या असत्यास. मोठे डॉक्टर म्हणाले, दुसरा इको नाही म्हणजे यादीत नाही, खोडून टाक. मेलेले वगळले की औषध गुणकारी ठरणारच, एवढं मलाही कळतं. पण नवी नोकरी, तोंडाला कुलूप. खोडलं.

८ जून
मशीनमध्ये हेडमास्तरांचा दुसरा इको आहे. आजचा, दुपारचा. तेव्हा त्या खाटेवर कुणीच नव्हतं. चादर मीच बदलत होते. हृदय दणदणीत चालतंय. जिवंतपणी असं कधी चाललं नव्हतं.

१२ जून
आणखी दोन बायका गेल्या. खोडल्या. दोघींचे इको आले — उत्तम. मोठे डॉक्टर खूश. म्हणाले नावं खोडलेलीच राहू दे, नुसते आकडे घे, मृत्यू लिहू नकोस. मढ्याच्या टाळूवरचं लोणी. मीही खाल्लं.

१५ जून
परवा पेशंटची वापरलेली सुई टोचली ते बोट सुजलंय. ताप. हुडहुडी थांबत नाही.

१६ जून
चार नंबरवर आता मी. नाकात नळी. पहिला इको वाईट. औषधाच्या प्रयोगाला संमती म्हणून कागदावर सही केली. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, काही झालं तर मला खोडू नका. हसले.

१७ जून
माझ्या जागी आलेल्या मुलीला मशीन उघडायला लावलं. माझा दुसरा इको आलाय. तारीख उद्याची. हृदय — उत्तम.

असे इको फक्त मेलेल्यांचे —

आई बाहेर बसलीय. तिला वाटतंय, औषध लागू पडलं —

मोठे डॉक्टर त्या मुलीला विचारतायत, रबर आहे ना. ती खिसा चाचपतेय. मी हात हलवतेय, नको — निदान नाव तरी —