पाच बुटक्यांची वर्षाची वैरण

मोहॉक खोरं, न्यू यॉर्क
मंगळवार, ५ जुलै २०११

ती. एनोसदादा आणि लिडियावहिनी यांस,
डॉर्कसचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे चार दिवस कडक ऊन पडलं, गवत छान खडखडीत वाळलं. शेजारच्या सायलसने काल शेवटची गाडी माझ्या माळ्यावर चढवून दिली. बाबा गेल्यानंतरची ही पहिली कापणी. गवताचा वास आला आणि मी उगाच त्यांच्या टोपीकडे बघत बसले.

अठ्ठावन्न वर्षांच्या एकट्या बाईला पाच घोडे झेपायचे नाहीत, ते लिलावात काढ आणि ओहायोला आमच्या मागच्या छोट्या घरात राहायला ये, असं तू लिहितोस. बाबांच्या मातीला आलास तेव्हाही हेच म्हणत होतास, तेही पाचव्या वाटीतला शेवयांचा रस्सा संपवत. दादा, तुझं घर मला परकं नाही. पण हे कमरेएवढे घोडे बाबांनी बोटाने दूध चाटवून वाढवलेत. त्यांना सोडून मी कुठे जायची नाही. कागदावर हिशोब दाखव म्हणालास ना, घे.

प्रत्येकाच्या छातीला आणि पाठीला दोरी लावून माप घेतलं. सरासरी दोनशेतीस पौंड भरतात. शंभर पौंडांमागे रोज दोन पौंड गवत, म्हणजे साडेचारच्या जरा वर. तुडवातुडव धरून पाच. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दोनशे दहा दिवस बाहेर काही उगवत नाही, तेव्हा पाच जणांना सव्वापाच हजार पौंड. उरलेले एकशेपंचावन्न दिवस कुरण आहे, पण त्यांना दिवसभर मोकळं सोडता येत नाही. हिरवं गवत त्यांना बाधतं, खुरं सुजतात. अर्धा दिवस अंगणात कोंडून प्रत्येकी दोन पौंड वाळलेलं द्यायचं, ते साडेपंधराशे. सगळे मिळून सहा हजार आठशे. दहा गठ्ठे काट्यावर टांगून पाहिले, चाळीस-चाळीस पौंडांचे आहेत. म्हणजे एकशेसत्तर गठ्ठे, आणि बुरशीला दहा. माळ्यावर बरोबर एकशेऐंशी आहेत. अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलंय, चूक सापडली तर कळव.

तुमचा लोभ असू द्या, सल्ले जरा कमी असू द्या.
तुझी धाकटी,
डॉर्कस


होम्स परगणा, ओहायो
सोमवार, १८ जुलै

चि. डॉर्कस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कागद मी तीनदा वाचला आणि नांगराच्या घोड्यांनाही वाचून दाखवला. पाच जणांना मिळून दिवसाला पंचवीस पौंड? माझा एकटा नांगराचा बेल्जियन घोडा तेवढं तर दुपारपर्यंत संपवतो. घोडा तो घोडा, बुटका असला म्हणून पोट काय बशीएवढं नसतं. माझा अंदाज तीनशे गठ्ठे. लिडियाचं म्हणणं पडलं की जेवणाच्या टेबलाएवढ्या जनावराला टेबलावरचं उरलंसुरलंही पुरेल, आणि मी मला न कळणाऱ्यात बोलू नये. घरात माझी किंमत ही अशी.

असो. तुझा हट्ट मला पाळण्यापासून माहीत आहे, म्हणून एक ठरवू. पुढच्या जुलैत नवं गवत येईपर्यंत या एकशेऐंशीत भागव. मध्येच विकत आणायचं नाही, उसनं मागायचं नाही. भागलं तर ओहायोचं नाव मी पुन्हा काढणार नाही. नाही भागलं, तर घोडे लिलावात आणि तू आमच्याकडे. मंजूर असेल तर तसं लिही. बाबांनी शेवटच्या भेटीत माझा हात धरून तुझं नाव घेतलं होतं, म्हणून हे सगळं. माझ्या मनाला थारा नाही.

गुलकंदासारखं गोड लिहिता येत नाही, पण माया तेवढीच आहे.
तुझा दादा,
एनोस

ता. क. शब्द दिलास की फिरायचं नाही.


होम्स परगणा, ओहायो
शनिवार, २० ऑगस्ट

चि. सौ. अल्टा हिस,
अ. उ. आ.

पोरी, आत्याने पैज मंजूर केली. आता वर्षभर ती तिथे एकटी. तू सासरी तिच्यापासून चार मैलांवर आहेस, हाच एक आधार. तुझ्या घरी रांगती जुळी, तुला रोज जाता यायचं नाही हे मला समजतं. म्हणून एक काम कर. आपल्या पंथाचं काम बघणारे डीकन पेरी, गोधड्या शिवणाऱ्या तुमच्या बायका, सायलस, सगळ्यांना माझ्या नावाने सांग की आळीपाळीने तिच्याकडे डोकावत जा. निमित्त काहीही काढा. सुई मागा, किटली परत करा. थंडीत एखादी बाई जिन्यावरून पडली तर कुणाला कळणार?

तिला मात्र कळता कामा नये. कळलं तर ती दारात उभी राहून एकेकाला परत पाठवेल.

जुळ्यांना आजोबांचा गालगुच्चा.
अण्णा


मोहॉक खोरं
बुधवार, ९ नोव्हेंबर

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

पहिला बर्फ पडला. घोड्यांच्या अंगावर हिवाळी केस आलेत, त्यामुळे सगळ्यांत छोटा बटन तर अस्वलाच्या पिल्लासारखा दिसतो. म्हातारी फ्लोसी सत्तावीस वर्षांची झाली, तरी काट्याचा आवाज आला की सर्वांत आधी तीच हजर. सकाळ-संध्याकाळ वजन करून वैरण टाकते. एक काडी इकडची तिकडे नाही.

यंदा माझ्या अंगणाला काय झालंय कोण जाणे. डीकन पेरी आले, माझं घड्याळ बरोबर चालतं का विचारायला. तीन कप कॉफी पिऊन गेले, घड्याळाकडे काही बघितलं नाही. आमच्या मंडळीतली मॅटी एक किटली परत करून गेली. गोधड्यांच्या बायकांना अचानक शोध लागला की माझ्या पुढच्या खोलीत उजेड चांगला येतो. खिडकी उत्तरेला आहे, पण मी कशाला बोलू? दर गुरुवारी तीन बग्ग्या भरून येतात. इतर दिवशी आणखी तीन-चार. सफरचंदाच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या संपल्या. कोण आलं की त्याचा घोडा खुंट्याला बांधायचा, त्याच्या पुढ्यात गवताचा भारा टाकायचा आणि मग माणसाला आत घ्यायचं, ही बाबांची रीत चालू आहे. परवा एकीने टाके इतके वाकडे घातले की गोधडीवर नांगर फिरल्यासारखं वाटलं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी.

वहिनींच्या गुडघ्याला आता कसं आहे ते कळवा.

लोभ वाढता ठेवा, थंडी वाढलीच आहे.
डॉर्कस


मोहॉक खोरं
शुक्रवार, २ मार्च २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज माळ्यावर चढून गठ्ठे मोजले. हिशोबाने अडुसष्ट हवेत. अडतीस आहेत. दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा हात लावून मोजले. अडतीसच.

हे एप्रिलअखेर संपतील आणि कुरण त्यानंतर पंधरा दिवसांनी हिरवं होईल. उपाशी मी त्यांना ठेवणार नाही, आणि शब्दही फिरवणार नाही. मे महिन्याच्या लिलावात चार घोड्यांची नावं घाल. घोड्यांना ठरल्यापेक्षा एक पौंड जास्त मिळालेलं नाही, हे मी शपथ न घेता सांगते, कारण आपल्या पंथात शपथ घेत नाहीत. बाकीचे गठ्ठे कुठे गेले ते विचारू नकोस. मला सांगता येणार नाही.

एक मागणं आहे. फ्लोसीला लिलावात उभी करू नकोस. या वयात तिला कोण घेणार, आणि घेतली तर कशासाठी, हे आपल्या दोघांना माहीत आहे. तिला माझ्याबरोबर येऊ दे. तुमच्या मागच्या घराला लागून एक कोपरा पुरेल. काल तिच्या मानेत तोंड घालून मी पोटभर रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तू जिंकलास. फार मिरवू नकोस एवढंच.
डॉर्कस


मोहॉक खोरं
शुक्रवार, ९ मार्च

ती. अण्णांस,
अल्टाचा सा. न. वि. वि.

आत्याने घोडे विकायचं ठरवल्याचं तिच्याकडूनच कळलं. काल जुळ्यांना सासूबाईंकडे ठेवून गेले. ती आजोबांच्या टोप्या खोक्यात भरत होती. मला बघून हसली, पण ते हसणं मला बघवलं नाही.

तेवढ्यात डीकन पेरींची बग्गी आली. आत्या उठली, माळ्यावरून कवेत मावेल तेवढं गवत आणून त्यांच्या घोड्यापुढे टाकलं. काट्यावर न घालता. मी विचारलं, हे का नाही मोजत? तर म्हणाली, पाहुण्याच्या घोड्याचं गवत मोजतात त्या घरात तुझ्या आजोबांनी पाणी घेतलं नसतं.

अण्णा, घरी येऊन कागद घेतला. सप्टेंबरपासून चोवीस आठवडे, आठवड्याला सहा-सात बग्ग्या, एका घोड्याला आठेक पौंड. तीस गठ्ठे होतात. बरोबर तीस. तिच्या घोड्यांनी काही जास्त खाल्लेलं नाही. तुमच्या सांगण्यावरून मी ज्यांना पाठवलं त्यांच्या घोड्यांनी तिचा माळा रिकामा केला. तिला ते माहीत आहे, पण पाहुण्यावर बोट ठेवायचं नाही म्हणून ती तोंड उघडत नाही. उद्या घोडे गेले तर ते पाप आपल्या दोघांचं.

लवकर काहीतरी करा. रागावलात तरी चालेल.
तुमची,
अल्टा


होम्स परगणा, ओहायो
गुरुवार, १५ मार्च

चि. डॉर्कस हिस,
आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही, तरी देतो.

डीकन पेरींना, मॅटीला, गोधडीवाल्यांना, सगळ्यांना तुझ्याकडे मी पाठवलं. अल्टाला भरीला घालून. तुझं गवत तुझ्या बुटक्यांनी नाही, माझ्या काळजीने खाल्लं. तुझा हिशोब बिनचूक होता. माझा तीनशेचा अंदाज बेल्जियनला लखलाभ. मी हरलो आणि वर लबाडीही केली.

लिलावात कुणाचंही नाव घातलेलं नाही. ज्याच्या घोड्याने जे खाल्लं ते त्याने परत आणून द्यावं, असं मी डीकनना कळवलंय. हे उसनं नव्हे, परतफेड आहे, तेव्हा पैजेचा नियम मोडत नाही. लिडिया दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलतेय. तू तरी चार ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी मी जपून ठेवीन.

क्षमा असावी. लोभ राहिला असेल तर तोही असावा.
एनोस


मोहॉक खोरं
सोमवार, १६ एप्रिल

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, तो मुद्दाम. तुला जरा तिष्ठत ठेवायचं होतं. वहिनी, आता त्याच्याशी बोला.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी बावीस बग्ग्या आल्या. प्रत्येकीच्या मागे गठ्ठा बांधलेला, काहींच्या दोन. सगळे गठ्ठे वर चढवून मोकळे झाले. एकतीस भरले. मग बावीस घोडे अंगणात उभे राहिले, तेव्हा मी काय करणार? प्रत्येकापुढे भारा टाकला. चार गठ्ठे तिथेच संपले. डीकन पेरी कपाळाला हात लावून बसले. तरी जुलैपर्यंत भागतंय. पाचही जण इथेच आहेत, फ्लोसी आत्ता खिडकीतून माझ्याकडे बघतेय.

आता माझी पाळी. तू पाठवतोस हे मला सप्टेंबरातच कळलं होतं. वीस वर्षांत डीकन कधी विनाकारण वाट वाकडी करून आले नाहीत, आणि मॅटीने परत केलेली किटली माझी नव्हतीच. तुला खरमरीत पत्र लिहायला मी ऑक्टोबरात बसलेही होते. तारीख घातली, तुझं नाव लिहिलं, आणि बाहेर चाकं वाजली. मी लेखणी ठेवून कॉफी टाकायला उठले. ते पत्र मी पुरं केलं नाही. माळा खाली खाली जाताना रोज दिसत होता. एका शब्दाने सगळं थांबलं असतं. मी तो शब्द काढला नाही, आणि घोड्यांच्या जिवाशी खेळले, त्याची मला शरम आहे.

एकटीला जमेल हे मी तुला कागदावर दाखवलं होतं. पण एकटीला जमत नव्हतं, दादा. बाबा गेल्यावरचा पहिला उन्हाळा फार वाईट गेला. आठ-आठ दिवस मी फक्त घोड्यांशी बोलत होते. तेवढं त्या हिशोबात लिहिलं नव्हतं.

अल्टाने आता सगळ्यांना सांगून टाकलंय की आळीपाळी संपली, अण्णांचा निरोप रद्द, कुणी मुद्दाम जायला नको. त्यानंतरच्या गुरुवारी मी कॉफीचं लहान भांडं चुलीवर ठेवलं आणि एकटीची खुर्ची खिडकीशी ओढली. दहाच्या सुमाराला पहिली बग्गी वळली. दुपारपर्यंत पाच झाल्या.

म्हणून यंदा माळ्यावर अडीचशे चढवणार आहे. एकशेऐंशी बुटक्यांचे, सत्तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे.

तुम्हा दोघांची वाट बघणारी,
डॉर्कस