उरलेला तुकडा

अण्णा, कालपासून कामात लक्ष लागत नाहीये. तुम्ही गेल्यावर मी कसलं काम धरलं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मेंदूतली गाठ काढली की तपासणीपुरती सोडून उरलेला तुकडा मी मागून घेते आणि लगेच गोठवून ठेवते. दिसायला सारख्याच गाठी, पण एखादा माणूस वर्षानुवर्षं जगतो आणि दुसरा तुमच्यासारखा चार-सहा महिन्यांत जातो. कोण कसा जाईल हे आधी सांगणारी खूण आम्ही त्या तुकड्यांत शोधतोय. मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. शिवाजीनगरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडातून मी बाहुलीला झगा शिवला, तेव्हा तुम्ही कात्री खाली ठेवून विचारलं होतंत, "चिंधी असली तरी त्यांची आहे. विचारलंस का?"

काल शहराच्या पार टोकाच्या के. आर. पुरमहून आलेल्या एका मुलीला विचारलं. तिचे वडील बोलण्याच्या पलीकडे गेलेले, सही तिनेच करायची. "यातून आमच्या अप्पांना काही फायदा?" "नाही. पुढच्यांना होईल कदाचित." तिने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "तुमच्या घरचं कुणी असतं, तर दिलं असतंत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांचं दिलंय." तिने लगेच सही केली.

तुमच्या वेळीही डॉक्टर असाच कागद घेऊन येतात. तुम्हाला उजवा हात उचलवत नाही. "सरी, देऊन टाक. माझ्या वतीने तू सही कर," तुम्ही म्हणता. मी बाहेर जाते, कागद कोरा परत करते आणि आत येऊन म्हणते, "केली." तुम्ही समाधानाने डोळे मिटता. तुमचा एवढासाही भाग कुठल्याशा बाटलीत राहील, हे मला सोसत नव्हतं.

आज सकाळी, ऑपरेशनच्या आधी, त्या मुलीला गाठून खरं सांगितलं. "का नाही दिलंत?" "भीती वाटली." तिने हात पुढे करून कागद मागितला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "मग नको, अक्का." माझा बर्फाचा डबा रिकामाच परत आला.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. एवढंच कबूल करते, मला तिचा राग आला नाही, हेवा वाटला. तिने तोंडावर नाही म्हटलं. मला तुमच्यासमोर तेवढंही जमलं नव्हतं.